बेदाण्यातील ओलावा आणि उष्माचित्रण : तत्त्व व मर्यादा

प्रस्तावना : सांगली जिल्ह्यात, विशेषतः तासगाव परिसरात, पोटॅशियम कार्बोनेट व इथाईल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवलेली द्राक्षे शेडमधील जाळ्यांवर सुमारे १५ दिवस सुकवली जातात. ताज्या द्राक्षातील सुमारे ८० टक्के पाणी बेदाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास यावे लागते. ओलावा जास्त राहिल्यास बुरशीचा धोका असतो. उलट, १०० किलो द्राक्षांपासून १५ टक्के ओलाव्याचा सुमारे २३.५ किलो बेदाणा मिळतो. १० टक्क्यांपर्यंत सुकवल्यास तो २२.२ किलोच भरतो. हे नुकसान उत्पादकाचेच होय.

तत्त्व : उष्माचित्रण कॅमेरा साधारणतः ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीची अवरक्त प्रारणे टिपून पृष्ठभागाचे तापमान दर्शवितो. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने सुकत असलेला मणी सभोवतालच्या हवेपेक्षा थंड राहतो. बाष्पीभवन मंदावते तसतसा हा फरक कमी होतो.

मर्यादा : कॅमेरा ओलावा नव्हे, तापमान मोजतो. वारा व आर्द्रता बदलल्यास हा फरकही बदलतो. शिवाय सालीवरील मेणाचा थर बाष्पीभवन रोखतो. द्रावणामुळे हा अडथळा कमी होतो, नाहीसा होत नाही. परिणामी आत पाणी असूनही मणी सुकल्यासारखा भासू शकतो.

निष्कर्ष : म्हणून ओव्हनमध्ये सुकवून वजनातील घटीवरून काढलेल्या ओलाव्याशी पडताळणी अनिवार्य ठरते. जाळीवरील कोणता भाग मागे राहिला, हे मालाला हात न लावता दाखविणे, एवढे काम मात्र हे तंत्र उत्तम करते. पुण्यातील महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांना ही पडताळणी विद्यार्थी-प्रकल्प म्हणून सहज हाती घेता येईल.