आपला कोड, वेगळ्या डब्यात

वर्डप्रेसवर वूकॉमर्स जोडून गटाचं ऑनलाइन दुकान चालतं. 'पाच किलो पापडावर घरपोच मोफत' असा आपला खास नियम हवा, तर थोडा कोड लिहून घ्यावा लागतो.

तो थीमच्या फाइलमध्ये टाकू देऊ नका. थीम म्हणजे दुकानाची रंगरंगोटी. ती अपडेट झाली की जुनी फाइल जाते, सोबत आपला नियमही. मग ऐन दिवाळीत ग्राहकाचा हिशोब चुकतो.

म्हणून आम्ही प्रत्येक नियमाचं वेगळं छोटं प्लगिन करून घेतो. प्लगिन म्हणजे दुकानाला जोडायचा सुटा भाग. घरपोचचं एक, सवलतीचं दुसरं. नाव कामावरून ठेवायचं. एक बिघडलं तर तेवढंच बंद करता येतं.

आणि कॅशबुकासारखी कोडची प्रतही गटाकडेच ठेवा. लिहिणारा बदलला तरी दुकान अडत नाही.