आनुवंशिक केशगळती : कारणमीमांसा आणि उपचारांच्या मर्यादा

प्रस्तावना :
केस विरळ होऊ लागलेला विशीतला विद्यार्थी सहसा प्रथम डॉक्टरांकडे जात नाही. तो जाहिरातीतील तेलाकडे वळतो. त्यात पैसा जातो, परंतु त्याहून मोठी हानी होते ती वेळेची. या विकारात गमावलेला काळ भरून निघणे कठीण का असते, हे त्यामागील शरीरक्रिया जाणून घेतल्यास स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात या विकाराची कारणे व उपलब्ध उपचार यांचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

केसांचे जीवनचक्र व विकाराचे स्वरूप :
मानवी डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, नंतर २ ते ३ आठवडे संक्रमणावस्थेत व सुमारे ३ महिने विश्रांतीत राहून गळतो आणि त्याच जागी नवा केस उगवतो. त्यामुळे दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. आनुवंशिक केशगळतीत मात्र प्रत्येक चक्रागणिक वाढीचा काळ आखूड होतो, केशमूळ आकुंचन पावते आणि जाड केसाच्या जागी बारीक लव येते. पुरुषांमध्ये कपाळाचे कोपरे व माथा विरळ होतो. स्त्रियांमध्ये पुढची केशरेषा बहुधा टिकते, पण भांग रुंदावतो. चाई किंवा तापानंतरची केशगळती हे याहून भिन्न विकार होत.

कारणमीमांसा :
वयात येण्यापूर्वी वृषणांचे कार्य थांबलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले. टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या डोमिनिकन प्रजासत्ताकातील कुटुंबांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा पुरुषांनाही टक्कल पडत नाही असे आढळले. म्हणजेच दोष संप्रेरकाच्या अतिरेकाचा नसून त्याला केशमुळांच्या आनुवंशिक संवेदनशीलतेचा आहे. हा वारसा केवळ आईकडूनच येतो, हा समजही अपुरा आहे. त्यात माता व पिता या दोन्हींकडील अनेक जनुकांचा वाटा असतो.

उपचार :
मिनॉक्सिडिल हे मुळात उच्च रक्तदाबावरील औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढलेले दिसल्याने त्याचा लेप तयार झाला व १९८८ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. आरंभी काही आठवडे गळती वाढू शकते. परिणाम दिसण्यास किमान ४ ते ६ महिने लागतात. १९९७ मध्ये पुरुषांसाठी मान्य झालेले फिनास्टेराइड उपरोक्त विकरास रोखते. काही पुरुषांत त्यामुळे लैंगिक तक्रारी व नैराश्य उद्भवू शकते. गर्भातील मुलाच्या जननेंद्रियांच्या वाढीस धोका असल्याने गर्भवती स्त्रियांना ते पूर्णतः वर्ज्य आहे. त्यामुळे ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. औषध थांबविल्यास काही महिन्यांत लाभ ओसरतो.

केशारोपणात डोक्याच्या मागील भागातील केशमुळे पुढे लावली जातात. ती नव्या जागीही आपला मूळ गुणधर्म राखतात, हे नॉर्मन ऑरेंट्राइच यांनी १९५९ मध्ये मांडले. मात्र हा साठा मर्यादित असतो आणि आजूबाजूच्या मूळ केसांची गळती त्याने थांबत नाही.

निष्कर्ष :
आकुंचन पावणारे केशमूळ काही काळ सावरता येते. दीर्घकाळ गुळगुळीत झालेल्या टकलावर औषधांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून उपचारांचे खरे उद्दिष्ट नवे केस उगवणे हे नसून आहेत ते राखणे हे आहे. औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची 'जे' मध्ये टकलाचा समावेश असून, ते बरे करण्याचा दावा औषधाबाबत करण्यास मनाई आहे. तरीही असे दावे सर्रास होतात. उपचार न घेणे हाही एक योग्य निर्णय असू शकतो, कारण या विकाराने शरीरास इजा होत नाही. परंतु तो निर्णय भीती वा संकोचापोटी नव्हे, तर माहितीच्या आधारे घेतला जावा. विद्यार्थ्यांपर्यंत ही माहिती पोहोचविणे हे शिक्षकांचेही कर्तव्य ठरते.