एकच अध्याय, एकाच दिवशी



सप्ताहातलं पारायण आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, कित्येकींनी केलंही आहे. मांडवात ओळीने बसायचं, पुढ्यात ज्ञानेश्वरी, आणि सगळ्यांचा आवाज एकाच ओवीवर. जिच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे, ती जाऊ शेजारीच बसलेली असते. भांडण मिटतं असं नाही, पण तेवढे सात दिवस दोघींच्या तोंडी शब्द एकच असतात. ख्रिस्ती मंडळींमध्येही असाच एक मार्ग आहे, रोजच्या सामाईक बायबल वाचनाचा. आज त्याविषयी बोलू.

मंडळी म्हणजे एका चर्चमध्ये उपासनेला जमणारी माणसं. ती भेटतात रविवारी. बाकीचे सहा दिवस कोणी उसाच्या फडात, कोणी एमआयडीसीत, कोणी घरच्या गोठ्यात. रविवारीही पाळक बोलतात आणि बाकीचे ऐकतात. मग निवडणुकीवरून, जागेवरून, लग्नातल्या मानपानावरून काही बिनसलं की आठवडाभर बोलायला तेवढाच एक विषय उरतो. सगळ्यांनी एका दिवशी एकच अध्याय वाचला, तर विहिरीवर किंवा बसस्टॉपवर भेटल्यावर बोलायला दुसरं काहीतरी असतं.

ही रीत जुनी आहे. जर्मनीत हेर्नहूट नावाच्या गावात वेगवेगळ्या ठिकाणचे लोक आश्रयाला आले होते आणि मतभेदांनी गाव फुटायला आलं होतं. १७२७ साली त्यांचा समेट झाला. पुढच्या वर्षापासून रोज एक वचन ठरवून ते घरोघर पोचवलं जाऊ लागलं. १७३१ पासून वर्षभराची वचनं छापून निघतात, ती आजतागायत.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती आपल्या शेजारची गोष्ट. बारामतीहून रेल्वेने पुण्याला निघालं की दौंडनंतर केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली आणि बाया तिथे राहत होत्या. जात वेगळी, मुलूख वेगळा, बोली वेगळी. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. सगळ्यांनी मिळून वाचायचं तर आधी सगळ्यांना कळायला हवं, आणि तेव्हाच्या मराठी बायबलची भाषा संस्कृत शब्दांनी जड झालेली होती. रमाबाई संस्कृतच्या पंडिता! त्यांना त्यात काय अडचण असणार? तरी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि साध्या बाईला समजेल अशा मराठीत सगळं बायबल नव्याने उतरवलं. छापखान्यात खिळे जुळवायला तिथल्याच मुली होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, त्याआधी काम पुरं झालं होतं. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून झाला.

म्हणून कोणत्याही गटाने वाचन सुरू करताना पहिला प्रश्न हा विचारावा, की सगळ्यात कमी शिकलेल्या बाईला हे कळतंय का? एकीने मोठ्याने वाचावं. वाचून झालं की जिला वाचता येत नाही, तिलाच आधी विचारावं, "काय ऐकलंस गं?" अशा बायांच्या ध्यानात पुष्कळ राहतं, हे आपण जात्यावरच्या ओव्यांवरून जाणतोच.

किती वाचायचं? नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस रोज एक धरला तर ५२ आठवड्यांत बरोबर पुरे होतात. पहिल्यांदाच करत असाल तर मार्काचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय, तीन-चार आठवड्यांत होतं. तक्ता भिंतीवर लावा. एखादीचे दोन दिवस चुकले तर मागचं भरून काढायला लावू नका, तिने आजचंच पान उघडावं. नाहीतर ती कायम मागच्या पानावर राहते, आणि मग लाजून यायचीच बंद होते.

एक सांभाळा. वाचलेलं वचन दुसरीला टोमणा मारायला वापरू नका. आणि मंडळीत पैशावरून तंटा असेल तर वाचनाने तो झाकू नका. त्यासाठी हिशेबाची वहीच सगळ्यांसमोर उघडावी लागते.

वेळ म्हणाल तर एक अध्याय मोठ्याने वाचायला पाच-सात मिनिटं पुरतात. धारा काढून झाल्यावर, चूल पेटवायच्या आधी, कोणाच्याही ओट्यावर.