मुरुडच्या मुलांसाठी विद्युत अभियांत्रिकी

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं मुरुड दापोली तालुक्यात आहे. इथल्या बारावी विज्ञानच्या मुलामुलींना विद्युत अभियांत्रिकी शिकायची असेल, तर कोकणातच एक सरकारी विद्यापीठ आहे: रायगड जिल्ह्यात मुंबई-गोवा महामार्गावर लोणेरे इथलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, स्थापना 1989. अभ्यासक्रम चार वर्षांचा. प्रवेश सीईटी ही प्रवेश परीक्षा आणि कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांमधून होतो. डिप्लोमा केलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

पहिल्या वर्षी गणित आणि भौतिकशास्त्र चांगलाच कस पाहतात. खरा विषय त्यापुढे सुरू होतो: सर्किट, ट्रान्सफॉर्मर, मोटर, वीजवहन. एक उदाहरण घ्या. चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होते. ती दूर न्यायची तर व्होल्टेज वाढवतात. व्होल्टेज दहापट केलं की तेवढ्याच विजेसाठी प्रवाह एक दशांश पुरतो, आणि तारांमध्ये उष्णतेच्या रूपाने होणारी गळती शंभरावा भाग उरते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून तर या उच्च व्होल्टेजच्या तारांसाठी इतके उंच मनोरे!

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली किनाऱ्यावर खांब आडवे झाले, गावं अंधारात गेली. खारा वारा तर इथल्या तारा आणि जोडण्या बारा महिने गंजवतो. भूमिगत केबल कुठे परवडेल, इन्सुलेटर कोणता टिकेल, हे प्रश्न किनाऱ्यावर वाढलेल्या अभियंत्यांनी हाती घ्यावेत असं मला मनापासून वाटतं. मुलींनी तर नक्कीच.