पाण्याच्या तपासणीचा कागद

सन २०२५ च्या जानेवारी महिन्यांत पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या वस्त्यांतून एका चमत्कारिक विकाराचे रुग्ण एकामागून एक रुग्णालयांत येऊं लागले. हातापायांतील बळ एकाएकी जावें आणि कांहींना श्वास घेणेंहि कठीण व्हावें, असा हा गिलाँ-बारे नांवाचा मज्जातंतूंचा विकार. एरव्हीं तो विरळाच आढळतो. त्या साथींत मात्र रुग्णांची संख्या दोनशेच्या आसपास गेली. कांहीं रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतु सांपडला, आणि संशयाचें बोट साहजिकच त्या भागांतील विहिरीच्या पाण्याकडे वळलें.

अशा प्रसंगीं सुशिक्षित गृहस्थ काय करतो, तें उघड आहे. घरचें पाणी बाटलींत भरून तो प्रयोगशाळेकडे धाडतो. चारआठ दिवसांनीं कागद हातीं येतो. त्यावर एक बोधचिन्ह असतें, सह्या असतात, वीसपंचवीस आंकड्यांची उतरंड असते, आणि तळाशीं एक ओळ असते, कीं तपासलेल्या बाबींपुरता हा नमुना प्रमाणांत बसतो. ती ओळ वाचून घर निश्चिंत होतें आणि कागद कपाटांत जातो. वस्तुतः त्या ओळींत ‘तपासलेल्या बाबींपुरता हा नमुना’ एवढे शब्दच काय ते वजनदार आहेत. प्रयोगशाळेचा अहवाल हा साक्षीदाराच्या जबानीसारखा असतो. जें विचारलें तेवढ्याचें उत्तर तो देतो. जें विचारलें नाहीं त्याविषयीं तो गप्प असतो, आणि त्या गप्प बसण्याला होकार समजण्याची चूक ऐकणारा करतो.

प्रथम त्या बोधचिन्हाविषयीं. भारतांत प्रयोगशाळांना मान्यता देण्याचें काम राष्ट्रीय परीक्षण व अंशशोधन प्रयोगशाळा मान्यता मंडळ करतें. व्यवहारांत तें एन. ए. बी. एल. या आद्याक्षरांनीं ओळखलें जातें. आय. एस. ओ. १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें प्रयोगशाळेचीं उपकरणें, माणसें, पद्धती आणि नोंदी पारखून ही मान्यता दिली जाते. परंतु ती सरसकट नसते. अमुक पदार्थांतील अमुक घटक अमुक पद्धतीनें मोजण्यास ही प्रयोगशाळा समर्थ आहे, अशी ती यादीनिशीं दिलेली असते. एखादी प्रयोगशाळा क्लोराइड आणि कठीणपणा यांसाठीं मान्यताप्राप्त असेल, आणि कीटकनाशकांसाठीं नसेलहि. ही यादी मंडळाच्या संकेतस्थळावर कोणासहि पाहतां येते, आणि ज्या कसोटीसाठीं पैसे मोजावयाचे ती तींत आहे कीं नाहीं हें आधींच पाहून घेणें शहाणपणाचें. चिन्ह मोजणाराविषयीं बोलतें, पाण्याविषयीं नव्हे. अत्यंत घाण पाण्याच्या अहवालावरहि तें तितक्याच डौलानें विराजमान असतें!

यानंतर दृष्टि वळावी ती आंकड्यांकडे नव्हे, तर त्यांच्या वरच्या चारपांच ओळींकडे. नमुना कोणी घेतला, कोठून घेतला, प्रयोगशाळेंत केव्हां पोंचला आणि तपासणी केव्हां सुरू झाली, हें तेथें लिहिलेलें असतें. ‘नमुना ग्राहकानें आणून दिला’ असा शेरा असेल, तर प्रयोगशाळेची जबाबदारी हातांत पडलेल्या बाटलीपासून सुरू होते; मूळ मानकच तसें सांगतें. त्या पाण्यानें विहीर पाहिली होती कीं बाजारांतील बाटलीबंद पाणी, हें प्रयोगशाळेस कळण्याचा मार्ग नाहीं. म्हणून घर विकणारानें किंवा टँकरवाल्यानें पुढें केलेल्या कागदावर ही ओळ सर्वांत आधीं शोधावी. कागद अपुरा नाहीं ना, हेंहि पाहावें. ‘तीन पैकीं पहिलें पान’ असें छापलेलें असून हातांत एकच पान असेल, तर उरलेलीं दोन मागून घेण्यांत संकोच कसला?

जंतूंच्या तपासणीचा नमुना तर फारच नाजूक असतो. त्यासाठीं प्रयोगशाळेनें दिलेली निर्जंतुक बाटलीच लागते. सरबताची धुतलेली बाटली चालत नाहीं. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतें, आणि बाटली वाटेंत असतांनाहि तें आपलें काम करीतच राहतें. घरांत जिवंत असलेले जंतु प्रयोगशाळेच्या दारांत मेलेले असतात, आणि अहवाल खोटाच चांगला येतो. हें टाळण्यासाठीं त्या बाटलींत सोडियम थायोसल्फेटचा अंश आधींच घातलेला असतो. बाटली बर्फाच्या पेटींतून न्यावी लागते, आणि शक्य तों सहा तासांत, फार तर चोवीस तासांत, तपासणी सुरू व्हावी लागते. नमुना सोमवारीं घेतला आणि जंतूंची तपासणी गुरुवारीं सुरू झाली असें अहवालांतील तारखा सांगत असतील, तर त्या रकान्यांतील ‘अनुपस्थित’ या शब्दाला फारशी किंमत उरत नाहीं.

आतां आंकडे. पिण्याच्या पाण्याचें भारतीय मानक आय. एस. १०५०० या क्रमांकाचें आहे. तें प्रथम १९८३ मध्यें निघालें, १९९१ मध्यें सुधारलें गेलें, आणि दुसरी सुधारलेली आवृत्ति २०१२ ची. अहवालांत मोजलेल्या आंकड्याशेजारीं या मानकांतील दोन रकाने दिलेले असतात: एक ‘ॲक्सेप्टेबल’ म्हणजे स्वीकार्य मर्यादेचा, आणि दुसरा ‘परमिसिबल’ म्हणजे सवलतीच्या मर्यादेचा. पुष्कळ लोक दुसरा मोठा आंकडा हीच खरी मर्यादा समजतात आणि तिच्या आंत असलें कीं समाधान मानतात. मानकाचा आशय तसा नाहीं. दुसरें पाणी मिळण्यासारखें नसेल तरच तेथवर चालवून घ्यावें, असा त्या रकान्याचा अर्थ. विरघळलेल्या एकूण क्षारांची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला ५०० मिलिग्रॅम, सवलतीची २०००. कठीणपणाची २०० आणि ६००. क्षार किंवा कठीणपणा थोडा वाढला तर चव बिघडते, डाळ शिजत नाहीं, तपेल्याला पांढरा थर बसतो. फ्लोराइडची गोष्ट निराळी. तेथें हे आंकडे १ आणि १.५ एवढे जवळजवळ आहेत. त्यांच्यापलीकडे दांत आणि हाडें यांवर होणारे परिणाम यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील कित्येक गांवांनीं भोगलेले आहेत.

कांहीं घटकांपुढें दुसऱ्या रकान्यांत आंकडाच नसतो. तेथें ‘सवलत नाहीं’ एवढेंच असतें. नायट्रेट हा त्यांपैकीं एक, आणि शहरी घरांनीं सर्वांत अधिक लक्ष द्यावें असा. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि ओळखूं येईल अशी चवहि नाहीं. शेतांतील खतांतून तें भूजलांत उतरतें, तसेंच मैल्याच्या टाक्यांच्या पाझरांतूनहि उतरतें. अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत हंटर कॉम्ली या डॉक्टरानें १९४५ मध्यें कांहीं अर्भकांची हकीकत प्रसिद्ध केली. हीं मुलें निळसर पडत होतीं, आणि त्यांचें वरचें दूध ज्या विहिरींच्या पाण्यांत कालवलें जाई त्यांत नायट्रेट भरपूर होतें. अर्भकाच्या पोटांत नायट्रेटचें नायट्राइट होतें आणि रक्तांतील तांबड्या द्रव्याची प्राणवायु वाहण्याची शक्ति तें हिरावून घेतें. काळजी घेणारी आई पाणी उकळून वापरते. परंतु उकळण्यानें जंतु मरतात, नायट्रेट मरत नाहीं. उलट वाफ निघून गेल्यामुळें राहिलेल्या पाण्यांत त्याचें प्रमाण वाढतें. घरांत तान्हें मूल असेल आणि पाणी बोअरचें असेल, तर अहवालांत हीच ओळ प्रथम वाचावी.

आणि ती वाचतांना एक फसवा खड्डा चुकवावा. भारतीय मानकांतील नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे, ती संपूर्ण नायट्रेटची. कांहीं प्रयोगशाळा मात्र त्यांतील नायट्रोजनपुरताच आंकडा देतात. त्या हिशेबानें हीच मर्यादा सुमारें १० होते. म्हणजे अहवालांत ‘नायट्रेट, नायट्रोजनच्या रूपानें, १४’ असें असेल तर १४ ला ४.४३ नें गुणावें लागतें, आणि उत्तर ६२ येतें. चौदा हा आंकडा पंचेचाळिसाशीं ताडून जो खूष झाला, त्याच्या घरचें पाणी अर्भकाला देण्याजोगें नव्हतें. नायट्रेट आणि क्लोराइड हीं दोन्हीं आसपासच्या विहिरींपेक्षां बरींच अधिक दिसलीं, तर सांडपाण्याचा पाझर असण्याची शंका घेण्यास जागा असते. एकेक ओळ सुटी न वाचतां शेजारच्या ओळीशीं बोलती करावी, ती अशी.

जंतूंच्या रकान्यांत बहुधा दोनच नांवें असतात: कोलिफॉर्म आणि ई. कोलाय. पटकीचे, विषमज्वराचे, काविळीचे अनेक जंतु व विषाणु पाण्यांतून येतात. त्यांतील प्रत्येकाचा शोध घेणें खर्चाचें आणि वेळखाऊ. म्हणून ई. कोलाय हा हेर नेमलेला आहे. तो माणसाच्या व जनावरांच्या आंतड्यांत विपुल असतो, तेव्हां पाण्यांत तो सांपडला तर विष्ठेचा संपर्क झाला असें धरतात. मानकाप्रमाणें १०० मिलिलिटर पाण्यांत तो एकहि असूं नये. पुण्याच्या साथींत ज्याचें नांव गाजलें, त्या कॅम्पिलोबॅक्टरचा शोध नेहमींच्या तपासणींत घेतलाच जात नाहीं. तो स्वतंत्रपणें सांगावा लागतो. शिवाय कांहीं विषाणु आणि आदिजीव क्लोरीनला ई. कोलायपेक्षां अधिक दाद देत नाहींत. हेर दिसला तर शत्रु जवळ आहे असें समजावें, पण हेर दिसला नाहीं म्हणून शत्रु नाहींच, असें नव्हे. कोलिफॉर्म आहेत पण ई. कोलाय नाहीं, असाहि अहवाल येतो. त्यावरून विष्ठेचाच संपर्क ठरत नाहीं; टाकींतील गाळ किंवा नळांतील बुळबुळीत थर हेंहि कारण असूं शकतें. टाकी धुवून, क्लोरीन घालून, पुन्हां नमुना धाडावा. नळ्यांच्या पद्धतीनें केलेल्या मोजणींत ‘१.८ पेक्षां कमी’ असा विचित्र आंकडा दिसतो. पावणेदोन जंतु कोठून आले, म्हणून कोणी चकित होऊं नये. एकाहि नळींत वाढ दिसली नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरें असेंच कोडें ‘बी. डी. एल.’ या अक्षरांचें. उपकरणाला जेवढें कमींत कमी दिसूं शकतें त्याच्याहि खालीं, असा त्यांचा भाव. शून्य असा नव्हे. शिशाची मर्यादा दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेच्या यंत्राला ०.०५ च्या खालचें दिसतच नसेल, तर तेथील ‘बी. डी. एल.’ म्हणजे आंधळ्यानें दिलेली ग्वाही. यंत्राची ही दृष्टिमर्यादा अहवालांत छापलेली असावी. नसेल तर विचारावी. त्याचप्रमाणें प्रत्येक मोजणींत थोडीफार अनिश्चितता असते. नायट्रेट ४४, अधिक-उणें ३, असा निकाल आला तर खरा आंकडा ४१ पासून ४७ पर्यंत कोठेंहि असूं शकतो, आणि मर्यादा तर मध्येंच, ४५ वर. अशा वेळीं ‘प्रमाणांत बसतो’ हा शेरा कोणत्या नियमानें दिला, हें सांगणें सध्यांच्या मानकाप्रमाणें प्रयोगशाळेवर बंधनकारक आहे.

ज्यांना बेरीज-गुणाकाराचा कंटाळा नाहीं, त्यांना घरबसल्या अहवालाचीच थोडी परीक्षा घेतां येते. कॅल्शियमच्या आंकड्याला अडीचानें आणि मॅग्नेशियमच्या आंकड्याला ४.१ नें गुणून दोहोंची बेरीज केली, कीं ती एकूण कठीणपणाच्या जवळपास यावयास हवी. कॅल्शियम ६४ आणि मॅग्नेशियम २४ असेल तर कठीणपणा सुमारें २५८ यावा. अहवालांत ४१० छापलेला असेल, तर कोठें तरी लेखणी किंवा यंत्र घसरलें आहे, आणि प्रयोगशाळेला तसें निःसंकोच विचारावें. चांगली प्रयोगशाळा रागावत नाहीं.

पाणी शुद्ध करण्याचीं यंत्रें विकणारे दारोदार जी लेखणीएवढी कांडी घेऊन फिरतात, तिच्याविषयींहि येथेंच सांगितलेलें बरें. ती पाण्यांतून वीज किती वाहते तें मोजते आणि त्यावरून क्षारांचा अंदाज करते. तिला जंतु दिसत नाहींत, शिसें दिसत नाहीं, नायट्रेट वेगळें ओळखतां येत नाहीं. विजेच्या दोन सळ्या बुडवून नळाचें पाणी तांबूस-काळें करून दाखविण्याचा जो खेळ होतो, त्यांतील तो गाळ बहुतांशीं सळ्यांच्याच झिजलेल्या लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यांतील क्षारांमुळें वीज वाहते, यंत्राच्या पाण्यांत क्षार नसल्यामुळें वाहत नाहीं, एवढेंच त्यांतील रहस्य.

राहतां राहिला प्रश्न नमुना केव्हां धाडावा याचा. टाकी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशीं घेतलेला नमुना नेहमींच देखणा येतो. रसायनांची तपासणी उन्हाळ्याच्या अखेरीस, विहीर खोल गेलेली असतांना करून घ्यावी. जंतूंची मात्र पहिल्या दोनतीन जोरदार पावसांनंतर, आणि जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी व स्वयंपाकघरांतील नळ अशी तीन ठिकाणांची वेगवेगळी. घाण कोठें शिरते तें या तिहींच्या तुलनेवरूनच कळतें. आणि दोन अहवालांच्या मधल्या दिवसांसाठीं थेंब टाकून रंगावरून क्लोरीन पाहण्याची लहानशी पेटी मिळते. क्लोरीन घातलेलें पाणी असेल, तर शेवटच्या नळाशीं दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळें क्लोरीन उरलें पाहिजे. हें काम सोसायटीच्या पहारेकऱ्यालाहि दोन मिनिटांत शिकवितां येतें.