घरच्या खोलीत इलेक्ट्रिक गिटार : सुतारकाम जाणणाऱ्यांसाठी एक धंदा

आमचा धंदा कापडाचा. उल्हासनगरच्या बाजारात थान मोजण्यात आमचे आयुष्य गेले. तेव्हा गिटारवर आम्ही काय लिहिणार, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. पण फर्निचर बाजारात काम करणारा एक ओळखीचा तरुण कारागीर मध्यंतरी दुकानावर आला आणि म्हणाला, "चाचा, एक मुलगा इलेक्ट्रिक गिटार बनवून मागतो. पैसे चांगले देतो म्हणतो. फक्त वर मोठ्या विदेशी कंपनीचे नाव टाकून पाहिजे. करू का?"

आम्ही चार दिवसांची मुदत मागितली. जाणकारांना विचारले, मिळेल ते वाचले आणि त्याला उत्तर दिले : गिटार जरूर बनव, नाव मात्र टाकू नकोस. असे का म्हटले, ते उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या इतर कारागीर बांधवांनाही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

शिलाई आणि रेडिमेड

आमच्या डोळ्यांदेखत शिंप्यांचा धंदा रेडिमेडने खाल्ला. टिकले ते शिंपी, ज्यांनी भावात रेडिमेडशी टक्कर दिली नाही. ज्याचा खांदा उतरता आहे, पोट मोठे आहे, लग्नाची शेरवानी अंगासरशी हवी आहे, असे गिऱ्हाईक त्यांनी धरून ठेवले.

गिटारचेही तसेच आहे. कारखान्यात हजारोंच्या संख्येने तयार होणारी स्वस्त गिटार बाजारात भरपूर आहे. तिच्या किमतीत हाताने गिटार बनवायला जाल तर लाकडाचेही पैसे सुटणार नाहीत. पण कुणाचा हात लहान असतो, कुणी डाव्या हाताने वाजवतो, कुणाला जाड मान हवी असते, कुणाला हलके वजन. हे गिऱ्हाईक थोडे असते, पण मापाची किंमत देते. हाताने गिटार बनवणे म्हणजे शिलाईचा धंदा, हे प्रथम मनात पक्के करावे.

सुताराला ती का जमते

साध्या गिटारला पोकळ पेटी असते. पातळ फळ्यांची ती पेटी आवाज मोठा करते आणि ती बनवणे फार नाजूक काम आहे. इलेक्ट्रिक गिटारची बॉडी बहुधा भरीव असते. तारांखाली 'पिकअप' बसवलेला असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की गुंडाळीत बारीक वीज निर्माण होते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. एका गुंडाळीत केसासारख्या बारीक तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. पंख्याची किंवा मोटारीची वाइंडिंग करणाऱ्याला हे काम अनोळखी वाटणार नाही.

अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने १९३८ मध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण त्याने भरीव फळीची बॉडी केली, मान वेगळी बनवून ती चार स्क्रूंनी जोडली आणि १९५० मध्ये ती गिटार बाजारात आणली. मान बिघडली तर स्क्रू काढून दुसरी बसवावी, इतका सरळ हिशेब. आजही नवशिक्याने याच रचनेपासून सुरुवात करावी.

घरातही हे काम होते, याचा मोठा दाखला इंग्लंडमध्ये आहे. 'क्वीन' या बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने शाळकरी वयात, १९६३ मध्ये, वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली. मानेसाठी शेकोटीवरच्या फळीचे जुने लाकूड वापरले, खुणेच्या ठिपक्यांसाठी शिंपल्याची बटणे आणि स्प्रिंगच्या जागी जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा. काम सुमारे दोन वर्षे चालले. पुढे जगभर तो हीच गिटार घेऊन वाजवत राहिला.

सुताचे माप पुरत नाही

आपला सुतार इंच आणि सूत यांत मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून थोडे जास्त. दरवाज्याला ते चालते, गिटारला चालत नाही. मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांना 'फ्रेट' म्हणतात. एक फ्रेट अर्धा मिलिमीटर सरकला तरी सूर चुकतो आणि चांगल्या वादकाच्या कानाला तो लगेच कळतो.

हिशेब असा आहे. मानेच्या टोकाचा खाचांचा तुकडा म्हणजे 'नट' आणि बॉडीवरचा 'ब्रिज', या दोहोंमधील तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरू. हे फेंडर पद्धतीचे साडेपंचवीस इंची माप आहे. तिला १७.८१७ ने भागावे. उत्तर ३६.३७ येते, तो पहिला फ्रेट. उरलेल्या ६११.६३ ला पुन्हा त्याच आकड्याने भागले की ३४.३३ येते, ते पहिल्यापासून दुसऱ्याचे अंतर. असे करत गेल्यास बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर येतो. तसा आला नाही तर हिशेबात चूक आहे.

मात्र खुणा करताना एका फ्रेटपासून दुसरा मोजू नये. सगळी अंतरे आधी कागदावर बेरीज करून लिहावीत आणि प्रत्येक खूण नटपासूनच मोजावी. थान गज सरकवत मोजले की प्रत्येक गजाची चूक पुढच्या गजात जमा होते, हे कापडवाल्याला सांगायला नको.

लाकूड आणि पावसाळा

सहा तारांचा मिळून ताण ४५ किलोच्या आसपास असतो. तो ताण मान रात्रंदिवस सोसते. म्हणून मानेचे लाकूड सरळ रेषांचे, गाठ नसलेले आणि पूर्ण सुकलेले हवे. आत 'ट्रस रॉड' म्हणजे पोलादी सळई बसवतात. ती पिळून मानेचा बाक कमी-जास्त करता येतो.

आमच्या भागात पावसाळ्याचे चार महिने हवा ओली असते. कोरे सुती कापड न धुता शिवले तर पहिल्या धुण्यात आकसते. लाकडाचेही तसेच आहे. पावसात कापलेले लाकूड उन्हाळ्यात आकसते, मानेच्या कडेने फ्रेटची टोके बाहेर येतात आणि बोटांना टोचतात. लाकूड महिनोन्‌महिने खोलीत रचून ठेवावे, ओलावा मोजणारे मीटर घ्यावे आणि मानेचे काम शक्यतो कोरड्या दिवसांत करावे. माल जमिनीवर ठेवू नये. २६ जुलै २००५ चा पूर कुणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तीही आठवावी.

बॉडीसाठी महोगनी नावाजलेली आहे. आपल्याकडचे तून हे त्याच कुळातले आणि वजनाला हलके लाकूड आहे. पाडलेल्या इमारतींचे जुने सागवान चांगले सुकलेले असते, पण जड भरते. मानेवरच्या पट्टीसाठी आपला शिसव जगभर वापरला जातो.

लाकडाची पावती मात्र जपून ठेवावी. शिसवाच्या जातीतील सर्व लाकडांच्या परदेश व्यापारावर २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार परवान्याची अट आली. तयार वाद्यांना त्यातून नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली. अमेरिकेतील गिब्सन या मोठ्या गिटार कंपनीवर तर लाकडाच्या आयातीवरून २००९ आणि २०११ मध्ये सरकारी छापे पडले आणि २०१२ मध्ये ३ लाख डॉलर दंड कबूल करून तिने प्रकरण मिटवले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर खोलीत बसून काम करणाऱ्याने विनापावतीचे लाकूड घेऊच नये.

मिरजेचा धडा

कल्याणहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली की सकाळी मिरज येते. वाद्यांच्या धंद्यात पत कशी तयार होते, ते मिरजेत पाहावे. तिथले शिकलगार हत्यारे बनवणारे आणि त्यांना धार लावणारे. तलवारीचे दिवस सरले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांकडे हात वळवला. त्यांच्यामागे सतारमेकरांच्या पिढ्या तयार झाल्या. भोपळा मंगळवेढा-पंढरपूरकडचा, लाकूड तुनाचे आणि कारखाना बहुधा घरातच.

मिरजेत गवईही राहत होते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ इथेच स्थायिक झाले, १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात ते दफन आहेत. वाद्यातला दोष सांगणारा कान शेजारीच असल्याने कारागिराचा हात सुधारत गेला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे आता मिरजेचे नाव दुसऱ्या कुणाला आपल्या मालावर लावता येत नाही. हत्यारे घडवणाऱ्या हातांनी दुसऱ्या कुणाचे नाव उसने घेतले नाही, म्हणून आज त्यांच्या नावाला कायद्याचे कुंपण आहे.

नावाचा प्रश्न

आता आमच्या गावाकडे येऊ. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही तरुणपणापासून ऐकत आलो. हसलोही. पण त्याची किंमत येथल्या खऱ्या कारागिरांनी मोजली. माल चांगला असला तरी गाव ऐकून गिऱ्हाईक भाव पाडते, हे आम्ही गल्ल्यावर बसून अनुभवले आहे.

कायदाही कडक आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार दुसऱ्याचे चिन्ह खोटेपणाने लावल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी धंद्याच्या दृष्टीने तो तोटाच. दोन महिने खपून बनवलेली गिटार चांगली वाजली तर नाव त्या कंपनीचे होणार, वाईट वाजली तर नकली म्हणून बोभाटा आपला होणार.

फेंडरचेच उदाहरण घ्या. त्याच्या गिटारचे 'ब्रॉडकास्टर' हे नाव ग्रेच कंपनीच्या नावाशी जुळत असल्याची तक्रार १९५१ मध्ये आली. त्याने छापील पट्टीवरचा तेवढा शब्द कापून टाकला आणि काही काळ नुसत्या 'फेंडर' या नावावर गिटार विकल्या. मग 'टेलिकास्टर' हे नवे नाव ठेवले. बिननावाच्या त्या गिटारना आज शौकीन मोठी किंमत मोजतात. आपल्या नावाची नोंदणी आपल्यालाही करता येते. वाद्ये ट्रेडमार्कच्या १५ व्या वर्गात येतात आणि एकट्या कारागिराला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे.

सुरुवात कशी करावी

पहिल्याच दिवशी गिटार बनवायला घेऊ नये. आधी दुरुस्ती शिकावी : तारा बदलणे, झिजलेले फ्रेट समपातळीत घासणे, नटच्या खाचा नीट करणे, तुटलेल्या वायरला डाक देणे. यात भांडवल कमी लागते आणि दहा प्रकारच्या गिटार हाताखालून जातात. मग पहिली गिटार स्वतःसाठी बनवावी आणि चांगल्या वादकाकडे देऊन दोष विचारावेत. खुंट्या, ब्रिज, फ्रेटची तार हे तयार घ्यावे.

ऑर्डर घेताना शिंप्यासारखी माप-वही ठेवावी. डावा हात की उजवा, तारेची लांबी, मानेची जाडी, लाकूड, वजन, मुदत हे सर्व लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. किंमत धरताना लाकूड आणि सामानाबरोबर आपले दिवस आणि वाया गेलेला तुकडाही धरावा. आपली मजुरी न धरता भाव सांगणे ही कारागिरांची जुनी खोड आहे.

घरात काम करताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. शिसवाची धूळ छातीला आणि कातडीला बाधते, तेव्हा मास्क लावावा. थिनरचा रंग राहत्या खोलीत फवारू नये, तो चटकन पेट घेतो. त्याऐवजी तेलाचे पॉलिश हाताने चोळावे.

त्या तरुणाने गिऱ्हाइकाला आमचे उत्तर सांगितले, तेव्हा ते गिऱ्हाईक परतले. तो जरा खट्टू होऊन आमच्याकडे आला. आम्ही त्याला एवढेच म्हणालो की, गेलेले गिऱ्हाईक गिटारचे नव्हते, नावाचे होते. सध्या तो दोन जुन्या गिटार दुरुस्तीला घेऊन बसला आहे आणि एका कोपऱ्यात तुनाची फळी सुकत ठेवली आहे. पावसाळा सरला की मान कापायला घेईन, असे म्हणतो. तिच्यावर नाव त्याचेच असेल आणि खाली गावही लिही, असे आम्ही त्याला बजावले आहे.