पाण्यातील क्लोरीनची तपासणी : निष्कर्षात सातत्य कसे राखावे?

पावसाळा सुरू झाला की खेड्यापाड्यांतून अतिसार, विषमज्वर व कावीळ या रोगांचे भय वाढते. मुले दिवसाचे पाच-सहा तास शाळेत असतात आणि तेथीलच पाणी पितात. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात ब्लीचिंग पावडर मिसळतो, तर पुष्कळ शाळांतून शिक्षकही पाण्यातील क्लोरीन तपासून त्याची नोंद ठेवतात. ही गोष्ट स्तुत्य आहे. तथापि शाळाभेटींच्या वेळी एक अडचण वारंवार कानी येते. टाकी एकच, तपासणीची पेटीही एकच. पण एका शिक्षकाला ०.५ चा रंग दिसतो, तर दुसऱ्याला ०.२ चा. मग खरे कोणते मानावे? असे दोन-चार वेळा घडले की तपासणीवरचा विश्वास उडतो व कालचाच आकडा आज उतरवून ठेवण्याचा मोह होतो. तसे झाले तर नोंदवही सुरक्षित राहील. मुले राहणार नाहीत.

वस्तुतः दोष बहुधा पेटीचा नसतो, पद्धतीचा असतो. तीच कृती, त्याच क्रमाने, तितक्याच वेळात केली तर निष्कर्षही जुळतात. हे कसे साधावे ते पुढे सांगितले आहे.

प्रथम आपण नेमके काय मोजतो ते पाहू. पाण्यात घातलेला काही क्लोरीन जंतू, गाळ व सेंद्रिय द्रव्ये यांच्यावर खर्ची पडतो. जो शिल्लक राहतो त्याचे दोन प्रकार असतात. मोकळा असतो तो मुक्त क्लोरीन आणि अमोनियासारख्या द्रव्यांशी जोडला गेलेला तो संयुक्त क्लोरीन. जंतूंचा झटपट नाश करतो तो मुक्त क्लोरीन. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा ०.५ मिलिग्रॅम असावा. पावडर मिसळल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्यावा व नंतरच तपासणी करावी. त्यापूर्वीचा आकडा निरर्थक होय. वासावरूनही अनुमान करू नये. पोहण्याच्या तलावांवर येणारा उग्र दर्प मुख्यतः संयुक्त क्लोरीनचा असतो. तो मुक्त क्लोरीन भरपूर असल्याची खूण नव्हे.

आपल्याकडे तपासणीच्या दोन रीती आढळतात. पहिली ऑर्थोटोलिडीनची, म्हणजे ओ.टी. चाचणी, तीत पाणी पिवळे होते. दुसरी डी.पी.डी. चाचणी, तीत पाणी गुलाबी होते. दोहोंतही उमटलेला रंग पेटीतील रंगपट्टीशी ताडून पाहावयाचा असतो.

सातत्यासाठी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

(१) नमुन्याची जागा व वेळ ठरवून घ्यावी. टाकीजवळच्या नळाला व गावाच्या टोकाच्या नळाला क्लोरीन सारखा नसतो. वाटेत तो खर्च होत जातो. शाळेचा एक नळ कायमचा ठरवावा. तो दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा, म्हणजे नळीत साचलेले शिळे पाणी निघून जाईल.

(२) तपासणी जागच्या जागी व लगेच करावी. उन्हात ठेवलेल्या बाटलीतील क्लोरीन सूर्यप्रकाशाने झपाट्याने नाहीसा होतो. सकाळी भरलेली बाटली मधल्या सुट्टीत तपासली तर तो निष्कर्ष नळाच्या पाण्याचा नसून बाटलीतल्या पाण्याचा होय.

(३) परीक्षानळी ज्या पाण्याची तपासणी करावयाची त्याच पाण्याने तीन वेळा विसळावी. पाणी खुणेपर्यंतच भरावे. खूण डोळ्यांच्या पातळीत धरून पाहावी. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून ती हलवू नये, तिचे झाकण वापरावे. डी.पी.डी.ची गोळी बोटांनी हाताळू नये.

(४) द्रावणाचे थेंब पेटीवर सांगितले असतील तितकेच टाकावेत. रंग फिका वाटला म्हणून एक थेंब अधिक टाकला की रंगपट्टीशी तुलना करण्याचा हेतूच नष्ट होतो.

(५) वेळ घड्याळात पाहावी. दोन शिक्षकांचे निष्कर्ष न जुळण्याचे मोठे कारण येथेच असते. ओ.टी. टाकताच सुमारे दहा सेकंदांत दिसणारा पिवळा रंग मुक्त क्लोरीनचा असतो. पुढे काही मिनिटांत जो गडदपणा वाढतो तो संयुक्त क्लोरीनचा. एकाने लगेच पाहिले व दुसऱ्याने पंधरा मिनिटांनी पाहिले, तर दोघांनी दोन निरनिराळ्या गोष्टी मोजल्या असे होते. डी.पी.डी.च्या पहिल्या क्रमांकाच्या गोळीने मुक्त क्लोरीन व तिसऱ्या क्रमांकाच्या गोळीने एकूण क्लोरीन कळतो. तिसरी गोळी वापरलेली नळी स्वच्छ न धुता पुन्हा वापरली तर पुढच्या वेळी मुक्त क्लोरीनचा आकडा खोटाच वाढलेला दिसतो.

(६) रंग दिवसाच्या उजेडात, पण सावलीत पाहावा. नळीमागे पांढरा कागद धरावा. तांबडा व हिरवा रंग ओळखण्यात अडचण असणारे लोक पुरुषांत स्त्रियांपेक्षा बरेच अधिक असतात. म्हणून शक्य तर दोघांनी पाहावे. दोघांनी आपापला आकडा आधी चिठ्ठीवर लिहावा व मग चिठ्ठ्या उघडाव्यात. एकाने मोठ्याने आकडा सांगितला की दुसऱ्याच्या डोळ्यांना तोच दिसू लागतो. अंतर रंगपट्टीच्या एका पायरीहून अधिक असेल तर पहिल्यापासून पुन्हा तपासणी करावी.

याशिवाय पाणीच कधीकधी आपली फसवणूक करते. पावसाळ्यातील गढूळ पाणी मुळातच पिवळसर असते. म्हणून द्रावण न टाकलेली त्याच पाण्याची दुसरी नळी शेजारी धरून पाहावी. पाण्यात लोह, मँगनीज किंवा नायट्राइट असल्यास क्लोरीन नसतानाही ओ.टी.ने पिवळा रंग येऊ शकतो. याउलट क्लोरीन फारच अधिक असेल तर डी.पी.डी.चा गुलाबी रंग क्षणभर दिसतो व उडून जातो. अशा वेळी ‘क्लोरीन नाही’ असे समजून आणखी पावडर घालावयास सांगणे म्हणजे उलटाच उपाय होय. शंका आल्यास एक भाग नमुन्यात चार भाग डिस्टिल्ड वॉटर मिसळून तपासावे व येणाऱ्या आकड्याला पाचाने गुणावे.

आकडा खरोखरच रोज बदलत असेल तर कारण पावडरमध्ये शोधावे. ताज्या पावडरीत सुमारे तेहतीस टक्के उपयुक्त क्लोरीन असतो; उष्णतेने, ओलीने व उघडी राहिल्याने तो घटत जातो. एक हजार लिटर पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन घालावयाचा, तर १ ग्रॅम क्लोरीन हवा. त्यासाठी ताजी पावडर सुमारे ३ ग्रॅम पुरते. तीच वीस टक्क्यांवर उतरली तर ५ ग्रॅम लागते. चमचा तोच असला तरी क्लोरीन तोच असतो असे नाही. वरच्या वर्गांना शेकडेवारीचे हे उदाहरण अवश्य घालावे.

मुलांना तपासणी दाखवावी. वेळ मोजणे, आकडा लिहिणे, आलेख काढणे ही कामे त्यांच्याकडे द्यावीत. ओ.टी.चे द्रावण मात्र त्यांच्या हाती देऊ नये. ते आम्लयुक्त असते व ऑर्थोटोलिडीन कर्करोगकारक असण्याचा संभव मानला जातो. ते कुलपात, गडद बाटलीत व उन्हापासून दूर ठेवावे; मुदत संपलेले किंवा आधीच रंग आलेले वापरू नये. डी.पी.डी.ची पेटी मिळत असेल तर तीच पसंत करावी. तपासलेले पाणी कोणीही पिऊ नये, तसेच ते विहिरीजवळ ओतू नये.

नोंदवहीत तारीख, वेळ, नळ, चाचणीची रीत, दोघांचे आकडे व काही विशेष असल्यास तो शेरा एवढे रकाने पुरेत. आकडा ०.२ पेक्षा कमी आला तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला व आरोग्य कर्मचाऱ्याला लेखी कळवावे आणि तोपर्यंत मुलांना उकळून गार केलेले पाणी द्यावे. स्वतः टाकीत पावडर घालू नये.

क्लोरीनचा आकडा चांगला आला म्हणजे पाण्याचे सर्व दोष गेले असेही नव्हे. फ्लोराइड वा नायट्रेट त्याने कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच हवी. परंतु जे आपल्या हाती आहे ते तरी चोख व्हावे. पाढे म्हणताना एक चूक खपवून न घेणारा शिक्षक परीक्षानळीपुढेही तितकाच काटेकोर राहील, तर त्याच्या वहीतील ०.२ या आकड्यावर सारे गाव निःशंकपणे विसंबू शकेल.